गावाचं नाव लावलेल्या बायका : प्रस्तावना

मे महिन्यात गोव्याच्या सांगे तालुक्यात साळावली धरणाचं पाणी उतरतं आणि कुर्डी गाव वर येतं. घरांचे चौथरे, भेगाळलेला चिखल, झाडांचे वाळलेले बुंधे, सोमेश्वराचं देऊळ. धरणासाठी उठवलेली माणसं त्या दिवसांत परत येतात, देवाचा उत्सव करतात, आपापल्या घराची जागा मुलाबाळांना दाखवतात. पाऊस लागला की सगळं पुन्हा पाण्याखाली. त्या चौथऱ्यांमध्ये एका घराचे अवशेष लोक हमखास दाखवतात. ते मोगूबाईंचं घर.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १५ जुलै १९०४ चा, याच कुर्डीतला. गावावरून आडनाव घ्यायची रीत गोव्यात पुष्कळांची. पण कलावंतांच्या घरात तिला आणखी एक अर्थ होता. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या बाईच्या मुलांना वडिलांचं नाव मिळत नसे. आईचं नाव आणि गावाचं नाव, एवढ्यावर आयुष्य काढायचं. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. याच समाजात जन्मलेले आणि त्याच्या सुधारणेसाठी झिजलेले राजाराम रंगाजी पैंगीणकर यांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला ‘मी कोण?’ असं नाव दिलं. दोन शब्दांत एका समाजाचं दुखणं मावलं आहे. पुस्तक उघडण्याआधीच माझा गळा दाटून आला होता.

या पुस्तकाची सुरुवात आडनावापासूनच झाली, आणि ती गोव्यात नाही, इथे जबलपूरला, गोहलपुरात झाली.

आमचं घराणं नागपूरकडचं. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ मध्ये उभी राहिली आणि त्यानंतर केव्हातरी माझे पणजोबा नोकरीसाठी इथे आले. नागपूर आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होती. राज्यं वेगळी झाली, आम्ही इथेच राहिलो. गोहलपुरात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी गाणं शिकवते. खाली सलवार सूट शिवणाऱ्यांची यंत्रं चालतात. सकाळी नऊपर्यंत ती बंद असतात, म्हणून आमचा रियाज साडेसहाचा. यंत्रं सुरू झाली की तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येत नाही, मग आम्ही तोंडी पलटे घोकतो. माझ्या शिकवणीतली एक मुलगी खालच्याच एका कारागिराची. आवाज असा, की खर्जात उतरली की खोलीतली बाकीची मुलं आपोआप गप्प होतात. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका घरगुती बैठकीला मी तिला घेऊन गेले. गाणं झालं, वाहवा झाली, यजमानांनी आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. जेवणाची पानं मांडली तेव्हा तिचं पान सतरंज्या उचलणाऱ्या मुलांबरोबर बाहेरच्या पडवीत होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती काही बोलली नाही. परतताना रिक्षात तिनं एवढंच विचारलं, की मोठ्या गाणाऱ्यांनाही असं होतं का?

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी दर रविवारी रियाजानंतर एकेका बाईची गोष्ट सांगू लागले. त्या गोष्टींचं हे पुस्तक झालं. मोगूबाईंनी त्यातला निम्म्याहून अधिक भाग घेतला आहे, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

मोगूबाईंना गाण्याकडे ढकललं ते त्यांच्या आईनं, जयश्रीबाईंनी. स्वतःला जमलं नाही ते लेकीला जमावं ही त्या माउलीची आस. मुलगी दहा वर्षांची असतानाच, १९१४ मध्ये, आई गेली. पोरकी मुलगी नाटक मंडळीत होती. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत आली, बायकांच्या त्या नाटक कंपनीत तिनं भूमिका केल्या, नृत्य शिकली, पदं गायली. तिथे बिनसलं. तब्येत ढासळली. १९१९ मध्ये मावशीनं तिला औषधपाण्यासाठी सांगलीला आणलं.

पुढचा प्रसंग मी शिकवणीतल्या मुलांना किती वेळा सांगितला असेल! पंधरा वर्षांची मुलगी घरात एकटी रियाज करते आहे. आजारपणातून उठलेला आवाज. बाहेरून एक वृद्ध गृहस्थ जाताहेत, तेही सांगलीत औषधोपचारासाठीच आलेले. ते थांबतात, ऐकतात आणि आपण होऊन शिकवायला तयार होतात. हे कोण, याचा मुलीला पत्ता नाही. रोज तालीम सुरू झाली. हे जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ आहेत, कोल्हापूर दरबारचे गवई आहेत, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे, की खाँसाहेबांनी भिंतीपलीकडून आधी स्वर ऐकला. कोणाची, कुठली, आडनाव काय, हे प्रश्न त्यांना त्या घडीला पडलेच नाहीत. शिकवणाऱ्यानं असंच ऐकलं पाहिजे.

पण जग भिंतीपलीकडून ऐकत नाही. १९२२ मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला आले, त्यांच्यामागे मोगूबाईही आल्या, आणि इथून पुढची बारा वर्षं त्यांनी जे सोसलं ते या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आलं आहे. खाँसाहेबांची तालीम मुंबईत महाग होती आणि धनिकांच्या ताब्यात होती. आपल्याखेरीज दुसऱ्या बाईला त्यांनी शिकवू नये, असा आग्रह धरणारी मंडळी होती. मोगूबाई आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या. तेव्हा जयपूर घराण्याचा रस्ता आणखीच अवघड झाला. मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांनी त्यांना हाताशी धरून वर्षानुवर्षं शिकवलं, तर विरोध असा वाढला की हैदर खाँनाच मुंबई सोडावी लागली. अखेर १९३४ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी मोगूबाईंना रीतसर गंडा बांधून शिष्य करून घेतलं. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोवर तालीम चालली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मोगूबाईंच्या वाटेतले सगळे काटे वरच्या जातींनी पेरलेले नव्हते. काही त्यांच्यासारख्याच बायकांनी पेरले, ज्यांना स्वतःचं स्थान टिकवायला दुसरीला बाहेर ठेवणं भाग वाटलं. बसायला एकच जागा दिली की माणसं आपसांत भांडतात. दोष जागा मोजून देणाऱ्याचा असतो. हा माझा ठाम निष्कर्ष आहे, आणि केसरबाईंवरच्या प्रकरणात मी तो पुन्हा मांडला आहे.

त्या बारा वर्षांत मोगूबाईंनी काय केलं? रियाज केला. लय अशी पक्की केली की झुमरा तालाच्या संथ आवर्तनात बोल कुठल्या मात्रेवर पडला ते तबलजीला शोधावं लागे आणि बाई मात्र समेवर सहज येऊन बसत. त्यांची जी थोडी ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत त्यात हे ऐकता येतं. मी मुलांना ते ऐकवताना हातावर मात्रा मोजायला सांगते. आधी सगळ्यांची बोटं चालतात, चौथ्या आवर्तनापर्यंत निम्म्यांची थांबतात. आवाज ओरडत नाही, लाडावत नाही, दाद मागत नाही. मुखडा असा येतो, जसं घरातलं माणूस दार न वाजवता आत येतं.

१९३९ हे वर्ष आम्हा जबलपूरकरांना त्रिपुरी काँग्रेसचं म्हणून पाठ आहे. मार्चमध्ये नर्मदाकाठी अधिवेशन भरलं, आजारी सुभाषबाबूंना खाटेवरून आणलं, बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. त्याच वर्षी मोगूबाईंचे पती माधवदास भाटिया वारले. पदरी तीन मुलं, थोरली किशोरी सात वर्षांची. घर चालवायचं ते बिदागीवर आणि शिकवण्यांवर.

आणि त्याच वर्षी, त्रिपुरीनंतर महिन्याभरात, ९ एप्रिलला, अमेरिकेच्या राजधानीत लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर कृष्णवर्णी गायिका मॅरियन अँडरसन उभ्या राहून गायल्या. समोर पंचाहत्तर हजार माणसं. शहरातल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांना गाऊ देण्यास ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या संस्थेनं नकार दिला होता, कारण तिथे फक्त गोऱ्या कलावंतांना प्रवेश होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला आणि गाणं उघड्यावर झालं.

मराठी वाचकांच्या पुस्तकात फिलाडेल्फियाची गायिका कशाला, असं मला हस्तलिखित वाचणाऱ्या दोघांनी विचारलं. माझं उत्तर असं, की मॅरियनची गोष्ट सांगितली की मोगूबाईंची गोष्ट दिसू लागते. आपल्याकडचा भेदभाव आपल्याला रीत म्हणून दिसतो, दुसऱ्याच्या अंगणातला लगेच अन्याय म्हणून दिसतो. म्हणून शेवटचं प्रकरण मॅरियन यांचं.

मॅरियन १८९७ मध्ये जन्मल्या. वडील लवकर गेले. आईनं लोकांचे कपडे धुऊन, दुकानात झाडलोट करून तीन मुलींना वाढवलं. गाणं शिकायला म्हणून मुलगी शहरातल्या संगीतशाळेत गेली तर खिडकीवरूनच परत पाठवली, काळ्यांना इथे घेत नाहीत म्हणून. चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून शिक्षकाची फी भरली. हे वाचलं की मला आपल्याकडची देवळं आठवतात, आणि वाईट वाटतं. तिथे देवाच्या घरानं मुलीला उभं केलं, आपल्याकडे देवाच्या नावानं मुलीचं नाव काढून घेतलं. युरोपात कीर्ती मिळवून परत आल्यावरही मायदेशात हॉटेलं त्यांना खोली देत नव्हती. १९३७ मध्ये प्रिन्स्टनला अशीच वेळ आली तेव्हा आइनस्टाइन यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा रंगमंच त्यांना लाभला तो ७ जानेवारी १९५५ रोजी. व्हेर्दीच्या ऑपेरातली भविष्य सांगणाऱ्या उल्रिकाची भूमिका. त्या रंगमंचावर एकल भूमिका करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णी गायिका. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं आणि आवाजाचा बहर ओसरला होता. लोक याला विजय म्हणतात. मी त्याला उशीर म्हणते. मोगूबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्ये मिळाला, पद्मभूषण १९७४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर. तोही उशीरच.

१९५७ मध्ये मॅरियन आशियाच्या दौऱ्यावर आल्या, बारा आठवड्यांत चोवीस कार्यक्रम, त्यात भारतही होता. मोगूबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या, मुंबईत, रोज सकाळी शिष्यांना समोर बसवून शिकवत होत्या. या दोघींनी एकमेकींना ऐकलं असतं तर, असं माझ्या मनात येत राहतं.

आपल्याकडे कॉन्स्टिट्यूशन हॉलसारखी पाटी नव्हती असं कोणी म्हणेल, तर त्यांनी रेडिओचा इतिहास पाहावा. स्वातंत्र्याच्या सुमारास, माहिती आणि नभोवाणी खातं सरदार पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचं खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा बायकांना ऑल इंडिया रेडिओवर गाऊ द्यायचं नाही असं धोरण आलं. धोरण म्हणून ते शुद्धतेच्या भाषेत लिहिलेलं होतं. वास्तवात त्याचा अर्थ असा, की ज्या घराण्यांनी ठुमरी, दादरा, ख्याल शतकभर जिवंत ठेवला, त्या घराण्यांतल्या बायकांनी लग्नाचा दाखला दाखवावा. पुरुष गवयांचं खासगी जीवन कोणी विचारलं नाही. आमच्या घरी पणजीचा दंडक होता की रेडिओवर बाईचं गाणं जरूर ऐकावं, पण गाणाऱ्या बाईशी घरोबा ठेवू नये. माझ्या आईनं तो दंडक मोडून मला गाण्याला घातलं. मला मोगूबाई समजल्या त्या त्यानंतर.

आता मोगूबाईंच्या थोरल्या लेकीविषयी, किशोरीताईंविषयी. गानसरस्वती किशोरी आमोणकर हयात असताना त्यांच्याविषयी लोक काय काय बोलायचे ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या रागीट, आयोजकांना छळतात, तासभर तंबोरे लावत बसतात, श्रोत्यांना सुनावतात. एका बड्या मैफलीत समोर बसलेल्या बाईनं पान मागवलं, तेव्हा गाणं थांबवून ‘मला कोठीवरची समजलात का’ अशा अर्थाचं त्यांनी विचारल्याची हकीकत छापून आली आहे. ती वाचून हसणारे लोक मी पाहिले आहेत.

त्यांनी थोडं मागे जाऊन पाहावं. लहानपणी किशोरीताई आईच्या मागे तंबोरा घेऊन गावोगाव जात. प्रवास तिसऱ्या वर्गाचा. उतरायची सोय कोणाच्या तरी घरात, मिळेल त्या जागी. बिदागी मिळेल तेवढी. आईला कशी वागणूक मिळते ते मुलगी मागे बसून पाहत होती, आणि मोठेपणी मुलाखतींतून तिनं ते सांगितलं. आपल्या वेळी हे होऊ द्यायचं नाही असा तिनं निश्चय केला. हॉटेल नीट हवं, मानधन ठरलेलं हवं, मंचावर शांतता हवी. लोकांना हा तऱ्हेवाईकपणा वाटला. मला त्यात आईचं थकलेलं येणं वसूल करणारी लेक दिसते. माई, म्हणजे मोगूबाई, गप्प राहिल्या कारण तीन मुलं वाढवायची होती. लेक बोलली कारण माईंनी तिला बोलता येईल अशा जागेवर आणून बसवलं होतं.

मॅरियनही दिसायला शांतच होत्या. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सभागृहांत त्यांनी अट घालायला सुरुवात केली की काळ्या श्रोत्यांना मागे कोंडायचं नाही, पुढून मागपर्यंत प्रत्येक भागात त्यांना जागा हवी. पुढे तर जिथे श्रोते वेगळे बसवले जातात तिथे त्या गाईनाशा झाल्या. कोणाला कुठे बसवायचं हा प्रश्न अमेरिकेत तोच आणि आमच्या जबलपूरच्या पडवीतही तोच. म्हणून गाणारीनं अट घातली की मला ती कधीच आगाऊ वाटत नाही.

बाकीच्या प्रकरणांविषयी थोडक्यात. केसरबाई केरकरांचं ‘जात कहाँ हो’ हे भैरवीतलं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. केरी हे फोंडा तालुक्यातलं छोटं गाव, त्याचं नाव आता सूर्यमालेच्या बाहेर पोचलं आहे. हिराबाई बडोदेकरांचं प्रकरण छोटं आहे, कारण त्यांच्यावर मराठीत चांगलं लेखन आधीच झालं आहे. तिकीट लावून, पुरुष गवयांसारखं मंचावर शांत बसून, हातवारे न करता बाईनं ख्याल गाण्याचा रस्ता त्यांनी रुळवला. आज आपल्या मुली स्पर्धेत, महोत्सवात निर्धास्त बसून गातात ती हिराबाईंनी मोकळी केलेली जागा आहे, एवढं मुलींना माहीत असावं.

मोगूबाईंच्या शिकवण्याविषयीचं प्रकरण मात्र मी मुद्दाम लांबवलं. किशोरीताईंखेरीज पद्मा तळवलकर, कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, सुहासिनी मुळगावकर, बबनराव हळदणकर, अरुण द्रविड अशी किती वेगवेगळ्या घरांतली माणसं त्यांच्यापुढे बसली. ज्या बाईला तालमीसाठी बारा वर्षं दारोदार हिंडावं लागलं, तिनं स्वतःचं दार उघडं ठेवलं. १० फेब्रुवारी २००१ रोजी, शहाण्णव वर्षांच्या होऊन, त्या मुंबईत गेल्या. माझ्या मते दार उघडं ठेवणं हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम, गाण्याहूनही मोठं.

त्या रिक्षातल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं का? मुलगी आता अठरा वर्षांची आहे. या पुस्तकाची टंकलिखित प्रत तिनंच तपासली. पडवीचा प्रसंग वगळू का, असं मी विचारलं, तर राहू द्या म्हणाली, फक्त माझं नाव घालू नका, ते मी स्वतः कमावल्यावर घाला. मी तसं केलं आहे.

आणि नावावरूनच वाचकांना एक विनंती. १९०२ मध्ये गौहर जान पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी मोठ्यानं स्वतःचं नाव सांगितलं, कारण तबकडी परदेशात तयार होणार होती आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळायला हवं होतं. त्यानंतर ज्या शेकडो बायका घरगुती बैठकीत, लग्नात, देवळात गायल्या त्यांचं नाव कोणी सांगितलं नाही. हे पुस्तक लिहिताना मी जुन्या मराठी घरांतले बैठकीचे फोटो पाहिले. मागे पेन्सिलीनं यजमानाचं नाव असतं, तबलजीचं असतं, कधी पेटीवाल्याचंही असतं. मधे बसलेल्या बाईसाठी ‘गाणारी’ एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या घरात असा फोटो असेल आणि ती बाई कोण हे सांगणारं एखादं म्हातारं माणूस अजून असेल, तर आजच त्यांना विचारा आणि फोटोमागे तिचं नाव लिहा. गावाचं नाव कळलं तर तेही लिहा.